घरच्या गॅरेजमध्ये विमानाच्या पंखावर कापड चढवायचंय? इस्त्री आधी तपासा

प्रश्न थोडक्यात असा होता: ओहायोत राहणाऱ्या एका मराठी माणसाने जुना पायपर जे-3 कब (दोन सीटचं, कापडाने मढवलेलं छोटं विमान) अर्धवट सोडवलेल्या अवस्थेत विकत घेतलाय, दोन्ही विंग्जवरचं जुनं कापड फाडून काढलंय, सांगाडे गॅरेजमध्ये स्टँडवर उभे आहेत. आजवर कापडकाम कधी केलेलं नाही, व्हिडिओ भरपूर बघितलेत, आणि आता विचारतायत की थेट विंगपासून सुरुवात करू का, आणि हे घरी शिकून जमण्यासारखं आहे की शॉपला द्यावं.

जमतं. नक्की जमतं. मी हे काम पुण्याकडे एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये पोरगेलेसा असताना शिकलो, तेव्हा पुष्पक विमानं होती, एचएएलची, दोन सीटवाली, सगळी कापडाची. कॉटनचं कापड आणि त्यावर डोप, म्हणजे कापड आवळून घट्ट करणारं लॅकर. तिथल्या मिस्त्रीमामांनी मला पहिले दोन महिने विंगला हातसुद्धा लावू दिला नाही, फक्त दोरा मेणातून ओढायला बसवलं. पुढे अमेरिकेत आलो, ए अँड पी, म्हणजे विमान मेकॅनिकचं लायसन्स काढलं, आणि गेली बरीच वर्षं जुने कब, चॅम्प, टेलरक्राफ्ट असल्याच विमानांवर काम करतोय. कापड बदललं, डोप गेला, पण मामांनी शिकवलेलं निम्मं अजून जसंच्या तसं लागू आहे.

विंगपासून सुरुवात करू नका. रडर घ्या, शेपटीवरचा उभा हलणारा भाग. लहान आहे, टेबलावर मावतो, बिघडला तर एक-दोन यार्ड कापड आणि एक रविवार गेला एवढंच. त्याच्याही आधी दोन-तीन रिब्जचा (विंगला आकार देणाऱ्या सांगाड्यातल्या फासळ्या) छोटा सराव-पॅनल बनवा किंवा विकत घ्या, पॉलीफायबर कंपनीचं तयार प्रॅक्टिस किट मिळतं. शक्य असेल तर ईएएची (हौशी विमानवाल्यांची संघटना) दोन दिवसांची फॅब्रिक वर्कशॉप करा, किंवा जुलैच्या शेवटी त्यांच्या ऑशकॉशच्या मेळाव्याला जा, तिथे तंबूत बसवून तुमच्या हातात ब्रश आणि इस्त्री देतात. व्हिडिओत माणूस गाठ कशी मारतो ते दिसतं, पण दोरा किती ओढल्यावर थांबायचं हे हातालाच कळतं.

आणि काहीही उघडायच्या आधी कागदपत्रांचं बघून घ्या. तुमचा कब सर्टिफाइड विमान आहे, घरी बनवलेलं एक्सपेरिमेंटल नाही. मालक म्हणून, तुमच्याकडे पायलट सर्टिफिकेट असेल तर, रिब स्टिचिंग (कापड रिबला टाक्यांनी बांधणं) न लागणारं छोटं ठिगळ तुम्ही स्वतः लावू शकता, पण अख्खी विंग नव्याने मढवायची तर काम ए अँड पीच्या देखरेखीखाली व्हायला हवं आणि शेवटी आयएची (तपासणीचा अधिकार असलेला ए अँड पी) सही, फॉर्म 337 (मोठ्या कामाची नोंद) वगैरे. तो माणूस आत्ता शोधा, आणि कापड चढायच्या आधी त्याला सांगाडा बघायला घरी बोलवा. मढवून झाल्यावर बोलावलं तर कुठलाही शहाणा आयए सही करणार नाही, कारण आत काय आहे ते त्याने बघितलेलंच नाही.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा. कापड एकदा चढलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं आतलं कुणाला धड दिसणार नाही. स्पार, म्हणजे विंगच्या लांबीचे मुख्य वासे, लाकडी असतील तर हातात टॉर्च तिरका धरून इंच-इंच बघा, लाकडाच्या तंतूंना आडव्या जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा म्हणजे कॉम्प्रेशन क्रॅक, त्या समोरून उजेड टाकला की दिसत नाहीत, तिरक्या उजेडातच दिसतात. ॲल्युमिनियम असेल तर गंज बघा, विशेषतः उंदराने घरटं केलेल्या जागी, उंदराचं मूत ॲल्युमिनियम अक्षरशः खातं. स्ट्रट (विंगला खालून आधार देणारी तिरकी दांडी) जिथे लागतो ती फिटिंग्ज, एलेरॉनच्या (विंगच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) केबल, पुली, प्रत्येक नटबोल्ट. मग ड्रॅग वायर आणि अँटी-ड्रॅग वायर, म्हणजे विंगच्या आत तिरक्या बांधलेल्या तारा, त्यांचा ताण, प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण मोजून विंग काटकोनात आहे का ते बघायचं. सांगाडा वाकडा असेल तर कापड तो सरळ करत नाही, आहे तसाच आवळून ठेवतं. आणि हो, फोटो काढा. प्रत्येक रिबचा, प्रत्येक कोपऱ्याचा. जुनं कापड अजून फेकलं नसेल तर ठेवा जपून, का ते पुढे सांगतो.

एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. आपण गोंदात आणि साफसफाईत एमईके हा जहाल द्रावक वापरतो, आणि एमईके साधं व्हार्निश, साधा प्रायमर विरघळवून टाकतं. मग गोंद चिकटतो तो सुटत चाललेल्या प्रायमरला, विंगला नाही. म्हणून कापड जिथे जिथे टेकणार तिथे लाकडावर इपॉक्सी व्हार्निश आणि धातूवर इपॉक्सी प्रायमर. फडक्याला एमईके लावून घासून बघा, रंग फडक्यावर आला तर आधी ते काम. स्क्रूची डोकी, पत्र्याच्या कडा, जोड, सगळीकडे अँटी-चेफ टेप लावायची. कापड उडताना कायम थरथरत असतं, एका स्क्रूच्या धारेवर ते काही वर्षांत भोक पाडून घेतं. आणि रिब्जच्या मधोमध एकदा वरून एकदा खालून अशी बांधणीची टेप सगळ्या रिब्जमधून ओवायची, नाहीतर कापड आवळताना रिब आडव्या झुकतात.

आता कापडाबद्दल. पॉलिएस्टर घ्या, डेक्रॉन म्हणतात ते. कबला मधल्या वजनाचं, म्हणजे चौरस यार्डाला 2.7 औंसवालं पुरतं. कापडाच्या काठावर एफएए-पीएमएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची मंजुरी) शिक्का असतो तेच घ्या, दिसायला तसंच पण बिनशिक्क्याचं स्वस्त मिळतं ते सर्टिफाइड विमानाला चालत नाही. शिक्क्याचा एक तुकडा तरी आतल्या बाजूला इन्स्पेक्शन होलमधून दिसेल अशा जागी येऊ द्या, पुढे दहा वर्षांनी कुणी विचारलं तर टॉर्च मारून दाखवता येतो. आणि एका कंपनीची सिस्टिम धरली की शेवटच्या रंगापर्यंत तीच. याचा गोंद, त्याचा सिल्व्हर (ऊन अडवणारा थर), तिसऱ्याचा रंग असं करू नका, कागदोपत्रीही चालत नाही आणि थर एकमेकांना धरतही नाहीत. मी पॉलीफायबर वापरतो म्हणून पुढे नावं त्याची येतील. ही पद्धत रे स्टिट्सने कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या फ्लेबॉब एअरपोर्टवर उभी केली, घरी बसून काम करणाऱ्या माणसाला जमेल अशीच ती आहे.

तयार शिवलेली पिशवी मिळते, उशीच्या अभ्र्यासारखी चढवायची, पण मी ब्लँकेट पद्धत सांगेन, म्हणजे खाली एक पन्हा, वर एक पन्हा. आधी खालचा. सांगाड्यावर पॉलीटॅक गोंदाचा एक हात मारून वाळू द्यायचा, मग कापड टाकून वरून परत पॉलीटॅक लावून बोटाने दाबत जायचं, कापडातून गोंद वर आलेला दिसला पाहिजे. सांगाड्यावर निदान एक इंच पकड, लीडिंग एजला (विंगची पुढची कड) कापडावर कापड दोन इंच. आणि कापड हाताने ताणू नका! हे मला प्रत्येक नवशिक्याला सांगावं लागतं. आपल्याला वाटतं चादर घालतो तशी ओढून बसवावी. गरज नाही. सैल राहिलं तरी चालतं, हवं तेवढं इस्त्री आवळून घेते, हाताने ओढलं की एका कोपऱ्यात ताण जास्त आणि दुसरीकडे कमी, तो मग शेवटपर्यंत जात नाही.

हलगीवाला वाजवायच्या आधी हलगी शेकतो ना, तसंच आहे हे. फरक एवढाच की हलगीचं कातडं परत सैल पडतं आणि पॉलिएस्टर आवळलेलं तसंच राहतं.

म्हणून इस्त्री. आवळण्याचे तीन टप्पे: 250 डिग्री फॅरनहाइट, मग 300, मग 350. तुम्हाला सेल्सियस सोपं वाटत असेल तर साधारण 121, 149 आणि 177. साडेतीनशेला कापडाला त्याचा ठरलेला ताण मिळतो आणि तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे नेलं की कापड उलट ढिलं पडायला लागतं आणि तो गेलेला ताण परत येत नाही, आणखी वर नेलं तर वितळतं. हीटगन अजिबात नको, तिच्या तोंडाशी किती तापमान आहे ते कुणालाच कळत नाही.

इस्त्रीच्या बटणावरचा आकडा खोटा असतो हे धरूनच चाला. मी स्वतः इथे आल्यावर पहिल्यांदा जे एलेरॉन मढवलं त्याला दुकानातून आणलेली कोरी करकरीत इस्त्री वापरली, नवी आहे म्हणजे बरोबर असणार असं धरून. बटण फिरवलं आणि एक बाजू सरळ शेवटपर्यंत नेली, दुसऱ्या बाजूला अजून इस्त्री लागलेलीही नव्हती. अर्ध्या तासाने बघतो तर ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, दोन रिब्जच्या मध्ये आत ओढली गेलेली, शंकरपाळ्याच्या कातरलेल्या कडेसारखी, आणि एलेरॉनला हलका पीळ. नंतर मोजलं तेव्हा कळलं की इस्त्री आकड्यापेक्षा कितीतरी गरम चालली होती. सगळं कापून काढलं, ट्रेलिंग एज बदलली, परत पहिल्यापासून. त्या दिवसापासून इस्त्री मोजल्याशिवाय मी ती कापडाला लावत नाही, घरातली असो की कोणाची उसनी.

मोजायची कशी, तर इन्फ्रारेड गनने नाही, चकचकीत तळव्यावर ती चुकीचा, बहुतेक वेळा कमी आकडा दाखवते. तारेचं टोक असलेला थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) घ्या, इस्त्रीच्या तळव्यावर थोडी थर्मल पेस्ट, त्यात टोक दाबून धरा, आणि बटण जरा-जरा फिरवत प्रत्येक वेळी आकडा स्थिर व्हायची वाट बघा. इस्त्री चालू-बंद होताना वर-खाली होते, ते वरचं टोक धरायचं. मग बटणाशेजारी मास्किंग टेप लावून त्यावर पेनने चार खुणा करा: 225, 250, 300, 350. सव्वादोनशेची खूण कडा आणि टेप बसवायला लागते. कामाच्या मध्ये इस्त्री पडली किंवा दुसऱ्या दिवशी काम असलं तर परत मोजा. आणि तळव्याला वाफेची भोकं नसलेली जुन्या धाटणीची इस्त्री मिळाली तर सोनं.

इस्त्री फिरवताना एका खणात सगळं उरकू नका. पूर्ण खालची बाजू 250, पूर्ण वरची बाजू 250, मग परत खाली 300, वर 300, असं. दोन्हीकडून ताण बरोबरीने वाढला पाहिजे, तरच सांगाडा सरळ राहतो. गोंदाच्या जोडांवर जास्त गरम इस्त्री नेऊ नका, उष्णतेने गोंद मऊ होऊन जोड सरकतो. शेवटी बोटाने टिचकी मारली की नीट आवाज येतो, आणि तो सगळ्या खणांत साधारण सारखा यायला हवा.

यानंतर पॉलीब्रशचा (कापडाची वीण भरणारा लेप) पहिला हात, गुलाबी रंगाचा असतो, तो ब्रशनेच लावायचा. कापडाची वीण भिजली पाहिजे पण पलीकडे गळता कामा नये, गळलं की आतून समोरच्या कापडावर डाग पडतात आणि ते जात नाहीत. एकदा ब्रश फिरवलेल्या जागेवर परत फिरवू नका.

आणि मग टाके. रिब स्टिचिंग. उडताना विंगच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, कापड रिबपासून वर उचललं जायला बघतं, त्याला धरून ठेवतात ते हे टाके. गोंदाने एकट्याने ते काम होत नाही. अंतर किती ठेवायचं त्याचा तक्ता एफएएच्या एसी 43.13-1बी या मार्गदर्शिकेत दुसऱ्या प्रकरणात आहे, विमानाच्या कमाल वेगावर ते ठरतं, कबचा तो ताशी 122 मैल, आणि प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या रिब्जना टाके आणखी जवळ घ्यावे लागतात. पण त्याहून सरळ मार्ग म्हणजे जुन्या कापडावरचे टाके मोजा, म्हणून म्हटलं ते फेकू नका. ते अंतर आणि तक्ता ताडून बघा, आयएला विचारा, आणि मूळ अंतरापेक्षा लांब कधीच जाऊ नका. रिबच्या सुरुवातीचं आणि शेवटचं अंतर निम्मं.

हे दोघांचं काम आहे. आमच्याकडे विंग लीडिंग एजवर उभी करतो, खाली जुनी गादी, मी वरच्या बाजूला आणि पलीकडे माझी बायको. कापड अजून अर्धपारदर्शक असतं, तिच्या बाजूला दिवा ठेवला की रिबची सावली मला स्वच्छ दिसते. सुई म्हणजे पोती शिवायचं दाभणच, पण चांगली फूटभर लांब. आधी सगळी भोकं पाडून ठेवायची, रिबच्या कॅपस्ट्रिपला (रिबच्या कडेची पट्टी) अगदी चिकटून, कारण भोक लांब गेलं तर दोरा आत हलत राहतो आणि कापड कापतो. रिबवर आधी रिइन्फोर्सिंग टेप, तिच्यावरून टाका. मी सुई ढकलतो, ती म्हणते "आली", ओढून घेते, रिबच्या दुसऱ्या बाजूने परत माझ्याकडे पाठवते. मग गाठ. नाव मॉडिफाइड सीन नॉट, नावाला घाबरू नका. दोरा आधीच्या टाक्याकडून आलेल्या दोऱ्याखालून काढून वळसा घ्यायचा, आधी एका बाजूला ओढून टाका आवळायचा, मग दुसऱ्या बाजूला ओढून गाठ बसवायची, आणि ती बसते तेव्हा बोटाला टक् असं जाणवतं. ते जाणवलं नाही तर गाठ बसलेली नाही, सोडवा आणि परत मारा. गाठ रिबच्या डोक्यावर नको, कडेला सरकलेली हवी, नाहीतर टेपखाली खडा आल्यासारखी दिसते. पहिल्या रिबला आम्हाला अख्खी दुपार गेली होती, शेवटच्या रिबला पाऊण तास. एका विंगला असे शेकड्यांनी टाके होतात, एका दिवसात संपवायला जाऊ नका, दमल्यावर मारलेल्या गाठी सैल पडतात.

टाक्यांवर, कडांवर, लीडिंग एजवर फिनिशिंग टेप ओल्या पॉलीब्रशमध्ये बसवायच्या. सरळ रिबला साधी, टिपच्या गोलाईला तिरक्या विणीची, ती वळणाला चुण्या न पडता बसते. बुडबुडे बोटाने काढायचे, उचललेली कड सव्वादोनशेच्या इस्त्रीने दाबायची. ट्रेलिंग एजला प्रत्येक खणाच्या सर्वात खालच्या बिंदूला ड्रेन ग्रोमेट (भोकाची चकती), आतलं पाणी बाहेर पडायला. रंगाच्या आधी बसवा आणि रंग झाल्यावर भोकं कापायला विसरू नका.

पुढे फवारणी. पॉलीब्रशचे आणखी हात, मग पॉलीस्प्रे, चंदेरी. हा सिल्व्हर दिसण्यासाठी नाही, यातली ॲल्युमिनियमची पूड ऊन अडवते. पॉलिएस्टर ना कुजतं ना त्याला बुरशी खाते, त्याचा शत्रू एकच, सूर्यप्रकाशातलं अल्ट्राव्हायोलेट. वजन वाचवायला सिल्व्हर पातळ मारलेल्या विंग मी बघितल्यात, वरून रंग झकास आणि खाली कापड जीर्ण. तीन आडवे-उभे हात मारून अंधारात विंगच्या आत दिवा सोडा, उजेड झिरपताना दिसला तर अजून हवंय. घासायचं असेल तर सिल्व्हर घासा, पाण्याने, हाताने, रिबच्या कडा सांभाळून. पॉलीब्रश घासायचा नसतो. वर पॉलीटोनचा रंग, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो सोपा भाग आहे.

हवामान बघा. पुण्याला जुलैमध्ये आम्ही डोपला हात लावायचो नाही, दमट हवेत तो पांढरा पडायचा, दुधाचा हात फिरवल्यासारखा, आणि मामा पाऊस उघडायची वाट बघत बसायचे. ओहायोचा ऑगस्टही तसाच असतो. पांढरट झाक आली की थांबा, कोरडा दिवस बघा.

आणि एक अगदी महत्त्वाचं, कारण तुमचं काम गॅरेजमध्ये आहे. तिथे गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर त्याची पायलटची ज्योत बंद करा, गॅसच बंद करा. एमईकेची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून सरपटत जाते आणि ज्योतीपर्यंत पोचते. साधा टेबलफॅन दाराशी लावून वाफ त्याच्यातून खेचू नका, मोटरमध्ये ठिणगी पडते. ऑरगॅनिक व्हेपरवाला मास्क, नीट बसणारा, दाढी असेल तर तो बसत नाही. हातमोजे. आणि घरात लहान मुलं असतील तर गॅरेजमधून घरात उघडणारं दार टेपने सील करा.

इन्स्पेक्शन रिंग (तपासणीच्या भोकांभोवतीच्या कड्या) सगळ्या चिकटवून ठेवा, पण भोकं फक्त आत्ता लागणार तिथलीच कापा, म्हणजे पुली, फिटिंग्ज, केबलचे जोड. बाकीची पुढे कधी लागली तर तेव्हा कापता येतात. रडर मढवताना शेवटच्या इस्त्रीच्या आधी ट्रेलिंग एजवर एक लांब सरळ पट्टी ठेवून बाजूने फोटो काढून पाठवा, आणि थर्मोकपलने मोजलेले इस्त्रीचे आकडेही लिहा, बघून सांगतो.